आयुर्वेद रुग्णालयात भरती झाल्याचे पैसे विम्यातून का मिळू नयेत?

सक्करदऱ्याची सून: काल आपल्या ग्रुपवर एका काकांनी टाकलं, ‘लोक पंचकर्माच्या नावाखाली मालिश करून घेतात, बिल कंपनी भरते, हप्ता आपला वाढतो. आयुषचं (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) कव्हर बंदच करा.’ वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहिते.

काका, मालिशवाल्यांना पैसे मिळतात कुठे? स्पा आणि निसर्गोपचार केंद्रं पॉलिसीत सरळ वगळलेली असतात. आयुष रुग्णालय म्हणायला किमान ५ खाटा, चोवीस तास डॉक्टर आणि रोजच्या नोंदी लागतात. विमा नियामक आयआरडीएआयनं ३१ जानेवारी २०२४ ला कंपन्यांना सांगितलं, १ एप्रिलपासून आयुषला बाकी उपचारांच्या बरोबरीनं धरा. त्याआधी कितीतरी पॉलिसींत आयुर्वेदाच्या वाट्याला थोडीशीच रक्कम असायची.

माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायू झाला. जीव ॲलोपॅथीनं वाचवला, ते कोणीच नाकारत नाही. पण उजवा हात उचलेना, म्हणून बस्तीसाठी (औषधी तेल-काढ्याचा एनिमा) आयुर्वेद रुग्णालयात भरती केलं. कंपनीनं क्लेम नाकारला. कारण काय, तर ‘विश्रांतीसाठी दाखल’. ज्या माणसाला शर्टाचं बटण लावता येत नाही, तो विश्रांतीला गेला होता?

धंतोलीकर: ताई, बाबांचं वाईट वाटलं. पण लकव्यानंतर सुरुवातीच्या महिन्यांत हातपाय आपोआपही सुधारतात. फिजिओथेरपी चालूच असेल. मग बस्तीनं काय केलं हे कळणार कसं? ऑस्ट्रेलियानं १ एप्रिल २०१९ पासून १६ उपचार खाजगी विम्यातून काढले, त्यात होमिओपॅथी होती. पुरावा नाही तर पैसे नाहीत. माझी आई सत्तरीपार आहे, तिचा हप्ता मी भरतो. दुसऱ्याच्या श्रद्धेचे पैसे मी काऊन भरू?

वैद्य, मानेवाडा: श्रद्धा? आयसीएमआरनं (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) भगंदरावर, म्हणजे गुदद्वाराजवळच्या नळीसारख्या जखमेवर, क्षारसूत्र (औषध लावलेला दोरा) आणि ऑपरेशन यांची तुलना केली होती, १९९१ मध्ये निकाल छापून आला. क्षारसूत्रानं जखम भरायला जास्त दिवस लागतात, पण वर्षभरात भगंदर परत होण्याचं प्रमाण ४ टक्के, ऑपरेशननंतर ११. आणि ज्यांना आमची पदवी खुपते त्यांनी नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या खाजगी रुग्णालयांत रात्री दोन वाजता वॉर्डात जाऊन पाहावं. ड्युटीवर बीएएमएसच (आयुर्वेदाची पदवी घेतलेला) असतो.

धंतोलीकर: तेच तर दुखणं आहे! भावाला रात्री छातीत दुखलं, ड्युटीवरच्या डॉक्टरनं सकाळपर्यंत थांबवलं. बिल मात्र हृदयतज्ज्ञाच्या दरानं.

वैद्य, मानेवाडा: तो दोष ज्या मालकानं कमी पगारात आम्हाला ठेवलं त्याचा. रात्रभर राबायचं आम्ही, शिव्याही आम्हीच खायच्या.

बेसा_गृहिणी: आणि होमिओपॅथवाले? सीसीएमपी (ॲलोपॅथी औषधांचा कोर्स) केलेल्यांची एमएमसीत, म्हणजे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये, नोंदणी करायची म्हटल्यावर १८ सप्टेंबर २०२५ ला राज्यात ॲलोपॅथी डॉक्टरांनी संप केला. त्या दिवशी मी पोराला तापात घेऊन फिरत होती. ओपीडी बंद! भांडण तुमचं, हाल आमचे.

धंतोलीकर: संप बरोबरच होता. वर्षभराच्या कोर्सवर ॲलोपॅथीची औषधं लिहू द्यायची?

बेसा_गृहिणी: मग खेड्यात जाऊन बसा न तुम्ही! भिवापूरकडे माझ्या माहेरी कोणता एमडी येऊन राहिला?

सक्करदऱ्याची सून: अहो, विषय विम्याचा आहे. पदव्यांची भांडणं दुसरीकडे करा.

इतवारीचा एजंट: मी पॉलिसी विकतो, खरं सांगून राहिलो. होमिओपॅथी जवळपास सगळी ओपीडीची. कव्हर आहे म्हणून कंपन्या छापतात, क्लेम क्वचितच येतो. क्षारसूत्राचंही तसंच. दर आठवड्याला दोरा बदलायचा, घरी जायचं. चोवीस तास भरती नाही, म्हणून बहुतेकदा पैसे खिशातून. मग लोक विनाकारण ॲडमिट होतात, बिल फुगतं. धंतोलीकर भाऊ, तुमचा हप्ता तिथं वाढतो.

धंतोलीकर: ठीक आहे. क्षारसूत्राचं मान्य, आकडे आहेत म्हणून. त्याला भरतीशिवाय पैसे द्या, हरकत नाही. होमिओपॅथीला एक रुपया देऊ नका. बस्तीचं तर आधी दाखवा.

वैद्य, मानेवाडा: दाखवायला अभ्यास लागतात, अभ्यासाला पैसा. तो कोण देतो आम्हाला?

इतवारीचा एजंट: ताई, तुमचं पाहू. कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी दिलं का? महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. नागपूरला पुण्याचं कार्यालय लागतं. फी नाही, वकील लागत नाही. नकाराचं पत्र, डिस्चार्ज कार्ड आणि रोजच्या केसपेपरची प्रत जोडा. ‘विश्रांती’ म्हणणाऱ्याला केसपेपरच उत्तर देतो.

सक्करदऱ्याची सून: लेखी दिलंय, महिना उलटला. केसपेपर रुग्णालयाकडेच आहेत. उद्याच मागते.