मदत हवी आहे : पोलाद कारखान्यात किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी होण्यासाठीचे प्रशिक्षण आणि त्याबरोबर येणारी जबाबदारी

नमस्कार.

मी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका पोलाद कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागात गेली अकरा वर्षे नोकरी करतो. शिक्षण याच विषयातील पदविकेपर्यंत झाले आहे. आमच्याकडे भंगार वितळवून बिलेट, म्हणजे पोलादाचे लांब ठोकळे, ओतले जातात. टंडिशमधून, म्हणजे मधल्या पात्रातून, उतरणारा पोलादाचा रस तांब्याच्या, सतत पाण्याने थंड ठेवलेल्या मोल्डमध्ये (साच्यात) येतो. त्याची पातळी मोजण्यासाठी मोल्डच्या एका बाजूला कोबाल्ट-60 या किरणोत्सर्गी पदार्थाचा लहानसा स्रोत आणि समोरच्या बाजूला डिटेक्टर बसवलेला असतो. रस वर चढला की तो किरणांच्या आड येतो, डिटेक्टरपर्यंत पोहोचणारे किरण घटतात आणि त्यावरून कास्टिंगचा वेग आपोआप जुळवला जातो. ही यंत्रणा मी रोज हाताळतो, पण केवळ सिग्नल, केबल आणि कॅलिब्रेशन (मोजमापाची अचूकता तपासून जुळवणे) एवढ्यापुरतीच. स्रोताला हात लावण्याचे काम आजवर आमचे आरएसओ, म्हणजे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी, करत असत.

हे गृहस्थ दिवाळीनंतर नोकरी सोडून गेले आणि त्यांच्या जागी माझे नाव सुचवण्यात आले आहे. "मुंबईला जाऊन परीक्षा देऊन या, सर्टिफिकेट फाइलला लागले की झाले, थोडा भत्ताही देऊ," असे मला सांगण्यात आले. भत्त्याची मला गरज नाही असे नाही. परंतु "फाइलला लागले की झाले" हे वाक्य ऐकल्यापासून मी अस्वस्थ आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

मला पहिल्यांदा हे जाणून घ्यायचे आहे की, माझ्यासारख्या पदविकाधारकाने नेमके कोणते प्रशिक्षण घ्यावे. इंटरनेटवर शोधले असता रुग्णालयांसाठीचे अभ्यासक्रम, वेल्डिंगच्या एक्स-रे तपासणीचे अभ्यासक्रम आणि एका खाजगी क्लासची "सर्व उद्योगांसाठी आरएसओ डिप्लोमा" अशी जाहिरात, असे सगळे एकत्रच समोर आले आणि त्यातून काहीही उलगडले नाही. दुसरे असे की, उद्या अपघात झाला तर कायद्याने उत्तर कोणी द्यायचे, मी की कंपनीने? तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मोल्ड बदलताना स्रोत काढून शिशाच्या पेटीत ठेवेपर्यंत माणसांना दूर ठेवावे लागते, आणि नेमक्या त्याच वेळी पुढच्या हीटची (भट्टीतील पुढच्या खेपेची) घाई असते. अशा वेळी मी काम थांबवा म्हणालो आणि शिफ्ट इनचार्ज नाही म्हणाले, तर कोणाचा शब्द चालतो?

घरी आईला "किरणोत्सर्ग" हा शब्द कळल्यापासून तिचा या सगळ्याला विरोध आहे. रोजच्या कामात माणसाला प्रत्यक्षात किती मात्रा मिळते, हे कोणी आकड्यांत सांगू शकले तर तिला समजावणे सोपे जाईल.

ता. क. : जुने रजिस्टर चाळताना असे दिसले की त्यात सहा स्रोतांची नोंद आहे. मी मोजले ते पाचच भरले. सहावा 2011 चा आहे आणि तो पुरवठादाराकडे परत गेला असावा असे स्टोअरवाले म्हणतात, पण तशी पावती मिळाली नाही. हे मुख्य प्रश्नाशी संबंधित नाही, केवळ माहितीसाठी लिहिले.

प्रतिसाद १

मी एका रुग्णालयाच्या रेडिओथेरपी विभागात काम करतो, त्यामुळे आपल्या क्षेत्राविषयी अधिकाराने बोलणार नाही. फक्त पहिल्या प्रश्नातील गोंधळ दूर करतो. सगळीकडे चालेल असा एकच आरएसओ आपल्याकडे नसतो. अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, प्रत्येक वापरासाठी वेगळी पात्रता मागते. आमच्याकडे हे काम बहुधा मेडिकल फिजिसिस्ट करतात. त्यांच्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम 1962 पासून चालू आहे, आणि त्याचा आपल्याला काहीच उपयोग नाही. वेल्डच्या तपासणीसाठी इरिडियम-192 वापरणाऱ्यांची प्रमाणपत्रे निराळी. आपला स्रोत एका जागी बसवलेल्या मोजयंत्रात असल्याने आपण न्यूक्लिऑनिक गेजच्या, म्हणजे किरणोत्सर्गी स्रोतावर चालणाऱ्या मोजयंत्रांच्या, गटात मोडता, तेव्हा त्याच गटाचे आरएसओ प्रशिक्षण शोधावे. जाहिरातीतील डिप्लोमासाठी पैसे भरण्यापूर्वी एईआरबीच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचे नाव आहे का, एवढे अवश्य पाहावे.

प्रतिसाद २

आपण ताजा कलमात जे लिहिले आहे, तोच या धाग्याचा मुख्य प्रश्न आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो आणि प्रशिक्षणाकडे नंतर येतो.

चंद्रपूरकडील एका सिमेंट कारखान्यात मी बरीच वर्षे गेजचा आरएसओ होतो. आता निवृत्त आहे. कोबाल्ट-60 चे अर्धायुष्य, म्हणजे तीव्रता निम्मी होण्याचा काळ, 5.27 वर्षे असते. म्हणजे 2011 च्या स्रोताची तीव्रता आज मूळच्या सहाव्या भागाहूनही कमी झाली असेल, मोजमापाला तो निरुपयोगी झाला असेल, आणि म्हणूनच कोणीतरी तो बाजूला काढून ठेवला असेल. परंतु मोजमापाला निरुपयोगी म्हणजे निरुपद्रवी नव्हे. आपला कारखाना भंगार वितळवतो हे लक्षात घ्या. शिशाची जड पेटी कोणाला तरी भंगार वाटली आणि ती भट्टीत गेली, तर कोबाल्ट पोलादात मिसळून जातो आणि ते बिलेट बाजारात जातात. ही कल्पनेतील भीती नाही. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-60 सापडले आणि त्या बटणांचे पोलाद भारतातून गेलेले निघाले. ती बटणे जुळवणाऱ्या कामगारांपैकी वीस जणांना सामान्य नागरिकासाठी असलेल्या वार्षिक मर्यादेपेक्षा अधिक मात्रा मिळाल्याचे तिथल्या नियामक संस्थेने जाहीर केले होते. त्यानंतर दीड वर्षाने, एप्रिल 2010 मध्ये, दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात काय झाले ते आपण वाचले असेलच. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत 1985 पासून पडून राहिलेले कोबाल्टचे यंत्र लिलावात विकले गेले, भंगारवाल्यांनी ते फोडले आणि त्यात एकाचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी मूळ दोष एकच होता. स्रोत कुठे आहे याचा हिशेब कोणी ठेवलेला नव्हता.

तेव्हा "परत गेला असावा" या वाक्यावर पदभार घेऊ नका. आज आपण आरएसओ नाही, त्यामुळे शोध घेण्याची जबाबदारी कंपनीची आहे, पण आपल्याला कळले आहे हे आपण लेखी कळवा. मागचे अधिकारी गेल्याचे एईआरबीला कळवले आहे का, हेही त्याच पत्रात विचारा. आरएसओने नोकरी सोडली की ते मंडळाला कळवायचे असते. ते पद रिकामे असताना स्रोत काढण्या-घालण्याचे काम चालू ठेवणे योग्य नाही.

आता जबाबदारीविषयी. अणुऊर्जा (प्रारण संरक्षण) नियम 2004 सालचे आहेत. ते इंग्रजीत आहेत, पण फार मोठे नाहीत, एका बैठकीत वाचून होतात, आणि आपण प्रशिक्षणाला जाण्यापूर्वी ते वाचावेत असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते. त्यांत मालक, परवानाधारक आणि आरएसओ यांची कर्तव्ये स्वतंत्रपणे दिली आहेत. साधने, माणसे, प्रशिक्षण आणि वैद्यकीय तपासणी पुरवणे हे मालकाचे काम आहे. आरएसओने मोजमापे घ्यायची, धोक्याची स्थिती ओळखून तातडीने उपाय सुरू करायचे, कामगारांना शिकवायचे, आणीबाणीची योजना तयार करायची, मालकाला सल्ला द्यायचा. धोकादायक घटनेचा अहवाल मालकाला देताना त्याची प्रत थेट नियामकाकडे जाते, आणि आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या एका प्रतीत आहे. उरलेले निम्मे उत्तर कंपनीच्या आतल्या व्यवस्थेत असते. मी पद स्वीकारताना प्लँट हेडच्या सहीचे एक परिपत्रक काढून घेतले होते : स्रोत उघडा असताना आरएसओने काम थांबवण्यास सांगितले तर ते थांबेल आणि वाद असल्यास नंतर घातला जाईल. ते परिपत्रक मी नोकरीभरात दोनदाच दाखवले. तेव्हा तोंडी आश्वासनावर राहिलो असतो तर दोन्ही वेळा हरलो असतो.

प्रशिक्षणाचा क्रम साधारण असा असतो. गेजच्या गटाचा मान्यताप्राप्त आरएसओ अभ्यासक्रम उत्तीर्ण व्हायचा, ई-लोरा या मंडळाच्या ऑनलाइन प्रणालीवर स्वतःची नोंदणी करायची, मग कंपनी तिथूनच आपले नामनिर्देशन करते आणि मंडळ मान्यता देते. ही मान्यता त्या संस्थेपुरती आणि ठरावीक मुदतीसाठी असते. उद्या आपण दुसऱ्या कारखान्यात गेलात तर प्रमाणपत्र आपल्यासोबत येईल, मान्यता येणार नाही. माझ्या तुकडीत विज्ञानाचे पदवीधर आणि अभियांत्रिकीचे पदविकाधारक दोन्ही होते. आपण अर्ज करताना त्या वेळची अट मात्र संकेतस्थळावर पाहून घ्यावी. अभ्यासाचे म्हणाल तर इन्स्ट्रुमेंटेशनच्या माणसाला डिटेक्टरचा भाग सोपा जातो, अडखळायला होते ते एककांपाशी. क्युरी आणि बेकरेल (स्रोताची तीव्रता), ग्रे आणि सिव्हर्ट (मिळणारी मात्रा) यांची उदाहरणे हाताने सोडवून पाहा.

आईंसाठी आकडे देतो. कोबाल्ट-60 चा 1 मिलिक्युरीचा स्रोत उघडा असेल तर 1 मीटर अंतरावर ताशी साधारण 13 मायक्रोसिव्हर्ट मात्रा मिळते. अंतर दहापट कमी केले की मात्रा शंभरपट होते, म्हणजे 10 सेंटिमीटरवर ताशी 1.3 मिलिसिव्हर्ट. समजा आपला स्रोत 3 मिलिक्युरीचा आहे आणि कोणी तो उघडा असताना पाव तास 10 सेंटिमीटरवर वाकून काम केले, तर त्या पंधरा मिनिटांत त्याला जवळजवळ 1 मिलिसिव्हर्ट, म्हणजे सामान्य नागरिकाची पूर्ण वर्षाची मर्यादा, मिळून जाईल. तेच काम लांब दांड्याच्या चिमट्याने 1 मीटरवरून एका मिनिटात उरकले तर 1 मायक्रोसिव्हर्टही मिळत नाही. किरणोत्सर्गाचे काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30 मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा आहे. नीट चालवलेल्या गेजच्या कामात माणूस तिच्या आसपासही जात नाही. निसर्गातूनच आपल्या सर्वांना सरासरी वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट मिळत असतात, हेही आईंना सांगा.

धागालेखक

दोघांचेही मनापासून आभार. प्रतिसाद वाचून त्याच दिवशी मी लेखी पत्र दिले आणि पोचही घेतली. पहिल्या दोन दिवसांत काहीच हालचाल झाली नाही. तिसऱ्या दिवशी मी मायापुरीच्या बातमीची प्रत प्लँट हेडच्या टेबलावर ठेवली, तेव्हा मात्र स्टोअरची झडती सुरू झाली.

बंद पडलेल्या जुन्या मोल्डच्या रांगेमागे, गोणपाटाखाली, एक शिशाची पेटी मिळाली आहे. तिच्यावर किरणोत्सर्गाचे त्रिपर्णी चिन्ह पुसट दिसते, क्रमांकाची पट्टी गंजलेली आहे. आमचा किरणोत्सर्ग मोजणारा सर्व्हे मीटर पेटीजवळ नेला तर काटा हलतो, पण त्या मीटरचे कॅलिब्रेशन केव्हाच संपलेले निघाले, त्यामुळे त्या आकड्यावर विश्वास ठेवावा की नाही हे मला कळत नाही. स्टोअरवाल्यांना ती पेटी आजच उचलून इतर पाच स्रोतांच्या खोलीत ठेवायची आहे आणि त्यासाठी त्यांनी मलाच बोलावले आहे. मी जावे का?

प्रतिसाद २

जाऊ नका आणि इतर कोणालाही जाऊ देऊ नका. पेटीचे झाकण घट्ट आहे की नाही आणि आत स्रोत सुस्थितीत आहे की नाही, हे कोणालाच माहीत नसताना ती हलवण्याचे कारण नाही. इतकी वर्षे ती तिथे होती, आणखी चार दिवस राहू शकते. कॅलिब्रेशन संपलेल्या मीटरचा काटा हलतो याचा अर्थ आत काहीतरी आहे एवढाच घ्यावा, किती आहे ते त्यावरून ठरवू नये. पेटीभोवती शक्य तितक्या अंतरावर दोरी बांधून फलक लावा, खोलीला कुलूप घालून किल्ली एकाच माणसाकडे द्या आणि तशी नोंद करा. कंपनीने आजच एईआरबीला आणि पुरवठादाराला कळवावे. रजिस्टरमधील अनुक्रमांक आणि 2011 ची खरेदीची कागदपत्रे सोबत जोडली तर पट्टी गंजलेली असली तरी ओळख पटेल. पुरवठादार आता व्यवसायात नसेल तर स्रोताचे काय करायचे ते मंडळच सांगेल.

कॅलिब्रेशन केलेला दुसरा मीटर जवळच्या एखाद्या गेजवाल्या कारखान्याच्या आरएसओकडून, त्यांना सोबत घेऊनच, आणता येतो का पाहा. आम्ही एकमेकांना अशी मदत नेहमी करत असू.

धागालेखक

दोरी बांधली, कुलूप घातले, किल्ली सुरक्षा विभागाकडे दिली. ईमेल आज दुपारी गेला. काम थांबवण्याच्या अधिकाराच्या परिपत्रकाचा मसुदा मी त्यासोबतच सहीसाठी पाठवला आहे. त्यावर सही होऊन येईपर्यंत प्रशिक्षणाचा अर्ज भरणार नाही, असे मी कळवले आहे. आपल्या परिपत्रकातील नेमकी शब्दरचना आठवत असल्यास कृपया इथे द्यावी.