आवडता आणि नावडता कार्यक्रम : रेडिओवरची संध्याकाळ कुणाची?

कृष्णाकाठ, सांगली

आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले, त्यामुळे आमच्या घरात रेडिओचा आवाज माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. आजोबांचा कातडी वेष्टनातला ट्रान्झिस्टर गोठ्यातल्या मेढीला टांगलेला असे आणि म्हशीची धार काढताना संध्याकाळचा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम लागलेला असे. बाजारभाव सुरू झाले की ते हातातली चरवी बाजूला ठेवत, धोतराच्या सोग्याला हात पुसत आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या त्या दिवसाच्या चौकोनात शिसपेन्सिलीने राजापुरी हळदीचा आणि गुळाचा भाव लिहून ठेवत. त्या दिनदर्शिका आजीने कधी चुलीत घालू दिल्या नाहीत. हळद आज विकावी की पंधरा दिवस थांबावे, याचा निर्णय आमच्या घरात त्या चौकोनांकडे पाहून होत असे.

माझा सर्वांत आवडता कार्यक्रम तोच, शेतकऱ्यांचा. १९५६ मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग केला होता. प्रत्येक गावात वीसएक माणसांचे श्रोता मंडळ असे. आठवड्यातून दोनदा ते एकत्र बसून कार्यक्रम ऐके, त्यावर चर्चा करी, आणि मंडळांनी कळवलेल्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्यात जन्मलेल्या व्यंकटेश माडगूळकरांनी पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात दीर्घकाळ काम केले, म्हणजे मराठीतला एक मोठा लेखक शेतकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी झटत होता. एवढे मोल या कार्यक्रमाला एके काळी होते.

सर्वांत नावडता कार्यक्रम म्हणजे दूरध्वनीवरून होणारी गाण्यांची फर्माईश. आपण कुठून बोलता, काय करता, घरी कोण कोण असते, गाणे कुणासाठी लावायचे, या विचारपुशीत वेळ जातो आणि शेवटी जे गाणे लागते ते प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलवर आधीच असते. जनतेच्या पैशाने चालणाऱ्या रेडिओने खासगी वाहिन्या करतात तेच करावे, आणि तेही संध्याकाळच्या सर्वांत मोलाच्या तासात, हे मला मुळीच पटत नाही. आपले मत काय आहे?

मेणवली, वाई

आपल्या आजोबांच्या दिनदर्शिकेबद्दल वाचून मन भरून आले, परंतु फर्माईशीविषयी आपण जे लिहिले आहे त्याला माझा ठाम विरोध आहे.

माझी आई जावळी खोऱ्यातल्या एका लहान वाडीत राहत असे. माहेरी ती अमक्याची लेक होती आणि सासरी तमक्याची सून झाली. पुढे शाळेत माझे नाव घातल्यावर ती माझी आई झाली. तिचे स्वतःचे नाव रेशनकार्डाबाहेर कुणी उच्चारलेले मला आठवत नाही. मी सातवीत असताना तिने माझ्याकडून पंधरा पैशांचे पोस्टकार्ड लिहून घेतले आणि ते ‘आपली आवड’ या रेडिओवरच्या गाण्यांच्या फर्माईशीच्या कार्यक्रमासाठी पाठवले. कार्डावर गाण्याच्या नावाखाली तिने स्वतःचे नाव लिहायला सांगितले, वडिलांचे नाही. अडीच-तीन महिने गेले. एका रात्री ती भाकरी थापत असताना निवेदिकेने गावांची नावे वाचायला सुरुवात केली, त्यांत आमची वाडी आली आणि पाठोपाठ आईचे पूर्ण नाव आले. तिचा पिठाचा हात तसाच काटवटीत राहिला आणि तव्यावरची भाकरी करपली, पण कुणी एक शब्द बोलले नाही. गाणे कोणते लागले हे मला आज सांगता येणार नाही. आईचे नाव त्या आवाजात कसे उच्चारले गेले ते मात्र अगदी स्पष्ट आठवते.

ज्याला आपण वेळेचा अपव्यय म्हणता ती विचारपूस हाच त्या कार्यक्रमाचा गाभा आहे. गाणे मोबाईलवर मिळते हे खरे, पण ‘आपण काय करता, ताई?’ असे मोबाईल विचारत नाही. बोरगावची एखादी ऊसतोडणी करणारी बाई सगळ्या जिल्ह्याला ऐकू जाईल असे चार शब्द बोलू शकते, अशी दुसरी जागा मला दाखवून द्यावी.

माझा नावडता कार्यक्रम म्हणजे योजनांची माहिती देणारी, कागदावरून वाचलेली भाषणे. ‘विहित नमुन्यातील अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे सादर करावा’ हे वाक्य ऐकून कोणत्या बाईला कळेल की तिने उद्या सकाळी कोणत्या खिडकीपुढे उभे राहायचे आहे?

द्राक्षबाग, तासगाव

मी स्वतः शेतकरी आहे, तरीही माझा कौल मेणवलीताईंच्या बाजूने आहे आणि शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाविषयी मला थोडे कठोर बोलावे लागणार आहे.

ऑक्टोबर छाटणीनंतर बाग पोंगा अवस्थेतून, म्हणजे नुकत्या फुटलेल्या कोंबांतून, फुलोऱ्याकडे जाते तो काळ आमच्यासाठी सर्वांत जोखमीचा असतो. त्या दिवसांत एक रात्र पाऊस झाला, पहाटे दव पडले आणि पाने ओली राहिली, की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो आणि घड जिरून जातात किंवा कुजतात. अशा वेळी पहाटे चारला ट्रॅक्टर बाहेर काढून फवारणी करायची की पान वाळेपर्यंत थांबायचे, हे काही तासांत ठरवावे लागते. रेडिओवरची तज्ज्ञांची मुलाखत आठवडाभर आधी ध्वनिमुद्रित झालेली असते. ती शास्त्रीयदृष्ट्या अचूक असते, पण तिच्यातला पाऊस आणि माझ्या बागेतला पाऊस एक नसतो. बाजारभावांचेही तेच आहे. बेदाण्याच्या सौद्यात काय दर निघाला हे सौदा संपण्याच्या आत आमच्या गटात फोनवर आलेले असते. संध्याकाळी रेडिओवर येते तेव्हा ती बातमी शिळी झालेली असते. कृष्णाकाठ, आपल्या आजोबांच्या काळात त्या कार्यक्रमाला दुसरा पर्याय नव्हता, म्हणून तो मोलाचा होता. आज त्याच साच्यात तो चालू ठेवणे म्हणजे त्या जुन्या कामाचाही मान न राखणे आहे.

माझा आवडता कार्यक्रम विचाराल तर नभोनाट्य, म्हणजे रेडिओवरचे नाटक. फेब्रुवारीत माल तयार झाला की रात्री बागेत राखणीला झोपावे लागते. त्या अंधारात दरवाजा करकरतो, कुणीतरी जिना चढते, पेल्यात पाणी ओतले जाते, आणि त्या आवाजांवरून डोळ्यांपुढे संपूर्ण घर उभे राहते. शेतकऱ्याला रेडिओवरून फक्त खत आणि औषधच ऐकायचे असते, असे कृपया कुणी समजू नये.

तंबोरा, मिरज

माझे मत थोडक्यात मांडतो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आणि तंतुवाद्ये घडवणाऱ्यांच्या गावात राहत असल्यामुळे माझा कल उघड आहे. १९५२ पासून चालत आलेला शनिवार रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि सकाळचे शास्त्रीय गायन यांनी माझा कान घडवला. तिकीट काढून मैफलीला जाण्याची ऐपत नसलेल्या माझ्या वडिलांनी देशातले सगळे मोठे गवई याच खोक्यातून ऐकले.

नावडते म्हणाल तर कोणताही एक कार्यक्रम नाही, ती एक सवय आहे. संथ लयीतला विलंबित ख्याल अंतऱ्यावर, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागावर, आलेला असताना ठरलेली वेळ झाली म्हणून आवाज हळूहळू बारीक करून पुढची घोषणा केली जाते, तेव्हा गाणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा, दोघांचाही अवमान होतो. फर्माईशीतले तीन मिनिटांचे चित्रपटगीत मात्र कडव्यासकट पूर्ण वाजते. या एका मुद्द्यावर मी कृष्णाकाठ यांच्याशी सहमत आहे.

कोयनाकाठ, पाटण

सगळ्यांनी कार्यक्रमांची तुलना केली, पण रेडिओ ऐकू कसा येतो याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की थांबतात. मध्यम लहरी जमिनीला धरून पुढे सरकतात, म्हणून सांगलीची १२५१ किलोहर्ट्झची, म्हणजे सुमारे २४० मीटरची लहर, खरखर सोसून का होईना, आमच्यापर्यंत येते. मोबाईलवरच्या ॲपचा भरवसा मी धरत नाही, कारण मुसळधार पावसात आधी वीज जाते आणि मागोमाग टॉवर बंद पडतो. धरणातून किती क्युसेक पाणी सोडले हे कळण्याची निकड त्याच वेळी सर्वांत जास्त असते.

माझा आवडता कार्यक्रम सकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या. फर्माईशीविषयी एकच सांगतो. बातम्यांसाठी म्हणून कुणी वर्षभर सेल बदलत नाही, गाण्यांसाठी बदलतो. गाण्यांमुळे संच चालू स्थितीत राहतो आणि म्हणून आपत्तीच्या दिवशी बातमी ऐकू येते. फर्माईश बंद झाली तर आमच्या वाड्यांवरचे निम्मे रेडिओ फळीवरच राहतील.

कृष्णाकाठ, सांगली

कोयनाकाठ यांच्या शेवटच्या मुद्द्याला मी मान्यता देतो, आणि ती अनुभवावरून देतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फूट गाठले, तेव्हा आम्ही चार दिवस वरच्या मजल्यावर होतो. वीज नव्हती. मोबाईल दुसऱ्या दिवशी बंद पडले. आजोबांचा ट्रान्झिस्टर माळ्यावर होता, पण सेलच्या जागी गंज चढला होता, कारण मी सगळे कार्यक्रम ॲपवर ऐकत आलो होतो. पाणी किती चढले आणि कोयनेतून विसर्ग कमी झाला का, हे आम्हाला शेजारच्या मावशी गच्चीवरून ओरडून सांगत होत्या. त्यांचा संच चालू होता आणि त्या तो रोज संध्याकाळी गाण्यांसाठीच लावत. हे मी पहिल्या मजकुरात लिहायला हवे होते.

द्राक्षबाग यांचे म्हणणेही मला मान्य आहे, पण त्यावरचा उपाय कार्यक्रम आकसण्यात नाही, तो ताजा करण्यात आहे. छाटणीपासून माल निघेपर्यंतच्या महिन्यांत संध्याकाळी अर्धा तास तज्ज्ञ थेट प्रक्षेपणात बसावा आणि बागायतदारांनी त्या दिवशीच्या पानांची अवस्था सांगून प्रश्न विचारावेत. गटातल्या फोनवर दर कळतो, परंतु तिथे फिरणारा औषधाचा सल्ला पुष्कळदा औषध विकणाऱ्याचाच असतो. ज्याला काहीही विकायचे नाही असा आवाज आजही रेडिओचाच आहे.

म्हणून माझी मागणी बदलून लिहितो. फर्माईश असावी, विचारपूसही असावी, पण ती दुपारी दोननंतर ठेवावी. संध्याकाळचा साडेसहा ते साडेसात हा तास शेतकऱ्यांकडे राहू द्यावा.

मेणवली, वाई

दुपारी दोन वाजता माझी आई भांगलणीला शेतात असे. आपल्याकडच्या बायका आजही त्या वेळी शेतातच असतात, रेडिओ घरात असतो आणि घराला कुलूप असते. संध्याकाळी साडेसहाला त्या चुलीपुढे किंवा गॅसपुढे येतात, दोन्ही हात पिठात असतात, आणि दिवसभरात कान मोकळा मिळतो तो तेवढाच. आपले आजोबा त्या वेळी धार काढत होते, तेव्हा आपल्या आजी काय करत होत्या आणि ट्रान्झिस्टर गोठ्यात असताना त्यांना स्वयंपाकघरात काय ऐकू येत होते, हे आपण लिहिलेले नाही. त्या हयात असतील तर त्यांना विचारून इथे लिहावे, अशी माझी आपल्याला मनापासून विनंती आहे.

कृष्णाकाठ, सांगली

आजी आहे, ब्याण्णव वर्षांची आहे. आत्ता विचारून आलो. ती म्हणाली, "भाव तेवढा ऐकू यायचा. गाणी लागायच्या आधी तुझा आजा बंद करायचा, सेल उतरतील म्हणून."