मदत हवी आहे: फॅब्रिक पॉटऐवजी घरातलं काय वापरता येईल? (मिरगाच्या आत हवं)

गच्चीवाली:
फॅब्रिक पॉट (रोपं लावायच्या कापडी पिशव्या) बरेच लागणार आहेत आणि किमती परवडत नाहीत. घरात तांदळाच्या गोण्या, जुन्या जीन्स, चादरी, दुकानात मिळतात त्या कापडासारख्या पिशव्या, सगळं पडून आहे. यातलं काय चालेल? रोपं तयार आहेत, थांबायला वेळ नाही. कृपया 'कुंड्या घ्या' असं सांगू नका, कुंड्या नकोच आहेत.

कुळागर:
कसली रोपं? गच्ची, गॅलरी की अंगण? पावसात उघड्यावर राहणार का? गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. हे कळल्याशिवाय काय सांगणार?

परसबाग_डिचोली:
गोणपाट वापरा, डोळे झाकून. हवा खेळते, पाणी निथळतं, स्वस्त. मी दुसरं काही वापरत नाही.

खाजनकाठ:
दादा, तुम्ही वापरता ते पावसानंतर वापरत असाल. आम्ही पावसाळ्यात गोणपाटात भेंडी लावली होती. चवथीच्या आधी सजावटीसाठी गच्ची मोकळी करायला गोणी उचलली, तर बूड गच्चीवरच राहिलं आणि माती सगळी पायावर. ओल्या मातीत ताग काही महिन्यांत कुजतो.

परसबाग_डिचोली:
कुजतो म्हणून तर चांगला. गोणीसकट जमिनीत पुरा, मुळांना धक्का नाही.

खाजनकाठ:
गच्चीवर जमीन कुठून आणायची?

गच्चीवाली:
गच्चीच आहे, तिसरा मजला, पर्वरीला. उघडी. वांगी आणि मिरची. घर भाड्याचं आहे, खाली तपकिरी पाण्याचे ओघळ गेले तर घरमालक ऐकणार नाहीत. आता सांगा.

रानवाट:
वांगी आहेत तर आधी मर रोगाचं बघा. आपल्याकडच्या आम्लधर्मी मातीत जिवाणूजन्य मर फार. हिरवंगार झाड दोन दिवसांत मान टाकतं. खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा धरा. कापापासून दुधासारखा धागा खाली उतरला तर तोच रोग. जिथे पूर्वी टोमॅटो किंवा वांगी मेली तिथली माती अजिबात भरू नका. जुन्या गोव्याच्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या) किनारी कृषी संशोधन संस्थेने या रोगाला दाद न देणाऱ्या वांग्याच्या जाती काढल्या आहेत, तिथे विचारा.

गच्चीवाली:
रोपं तयार आहेत म्हटलं ना. मला पिशवीचं सांगा.

कुळागर:
सांगतो. फॅब्रिक पॉटचं काम काय ते धरून चला, मग घरातलं निवडता येईल. मुळाचं टोक कापडाशी आलं की तिथल्या हवेने सुकतं आणि मागून नवे फाटे फुटतात. प्लास्टिकच्या बादलीतलं झाड उपसून बघा, मुळं भिंतीला धरून गोल गोल फिरलेली असतात. तेव्हा पिशवीतून हवा आणि पाणी दोन्ही गेलं पाहिजे. ऑनलाइन मिळणाऱ्या हिरव्या एचडीपीई (जाड प्लास्टिकच्या) ग्रो बॅग या हिशोबात बसत नाहीत, बहुतेकींतून पाणी फक्त भोकांतूनच जातं.

तांदळाची गोणी दोन प्रकारची असते. उलटी करून वर ग्लासभर पाणी ओता. विणीतून झिरपलं तर गोणी कामाची. चकचकीत छपाईची असेल तर वर फिल्म चिकटवलेली असते, पाणी तसंच थांबतं. तिला बुडाला आणि बाजूला भोकं पाडावी लागतील.

मांडवीकाठ:
सिमेंटच्या गोण्या का नको? कुठल्याही बांधकामावर फुकट मिळतात. आपली माती आम्ल, सिमेंट अल्कधर्मी, उलट फायदाच.

रानवाट:
असा हिशोब धरू नका. किती सिमेंट शिल्लक आहे ते कुणाला माहीत? हाताला लागलं तरी कातडी जळते. माती सुधारायची तर कृषी चुना मोजून घाला. गोणी वापरायचीच असेल तर उलटी करून, हातमोजे घालून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा.

निळीपणती:
दुकानातल्या कापडासारख्या पिशव्या म्हणजे नॉन-वोवन, न विणलेल्या. तेही तांदळाच्या गोणीसारखं पॉलिप्रॉपिलीन नावाचं प्लास्टिकच, चांगल्या फॅब्रिक पॉटसारखंच, फक्त फार पातळ. दुकानातल्या पिशवीला ६० जीएसएम (चौरस मीटरला ६० ग्रॅम वजन) पुरतात, नियमात किमान तेवढंच आहे. मातीचं वजन एकटीला झेपत नाही, म्हणून मी ती आत घालते आणि बाहेर तांदळाची गोणी. गोणी वजन धरते, आतली पिशवी माती गाळते. ओघळ पूर्ण थांबत नाहीत पण गढूळपणा बराच कमी होतो. ताई, तुमच्या घरमालकांसाठी हेच करा.

गोणीचे खालचे दोन कोपरे आत दुमडून शिवा म्हणजे बूड चौकोनी होतं आणि ती उभी राहते. साधा दोरा कुजतो, तंगुसाने (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने) शिवा, बाजारात जाळ्याचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. काठ बाहेर चार बोटं दुमडा, नाहीतर धागे सुटत जातात.

गच्चीवाली:
हे हवं होतं! जीन्सचं काय?

निळीपणती:
कॉटन आहे, पावसात कुजणारच. पाय कापून दोन्हीकडून शिवले तर एखाद्या मोसमाला तांबडी भाजी (लाल माठ) निघेल, तिला खोली फार लागत नाही. वांग्याला नको.

मांडवीकाठ:
पण या प्लास्टिकच्या गोण्या उन्हात चुरतात. धागे मातीत मिसळतात, मग तीच माती आपण खतात टाकतो. हे कुणी बोलत नाही.

कुळागर:
बरोबर आहे, आणि महत्त्वाचं आहे. म्हणून बाहेरून जुना पडदा किंवा माडाच्या चुडताची झावळ गुंडाळा, ऊन थेट लागू देऊ नका. चिमटीत धरून ओढल्यावर धागा तुटायला लागला की गोणी काढा, पुढच्या मोसमाची वाट बघू नका.

आणि गोण्या गच्चीवर थेट टेकवू नका. खाली दोन चिरे (जांभ्या दगडाचे) मध्ये फट ठेवून. बुडाला हवा लागते आणि पाणी अडत नाही. वांग्याला पंधरा-वीस लिटर माती हवी, मिरचीला आठ-दहा. पंधरा लिटर ओली माती वीस किलोच्या पुढे जाते, तेव्हा गोण्या भिंतीच्या कडेने मांडा, मधोमध ढीग नको. माती नुसती लाल भरली तर पावसात थापून बसते. शेणखत आणि धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळा, एकूण मिश्रणात निम्म्याहून जास्त माती नको.

परसबाग_डिचोली:
पावसानंतर वायंगणी (रब्बीच्या) भाजीला गोणपाटच बरं, एवढं मी म्हणणारच. उन्हाळ्यात प्लास्टिकची गोणी तापते.

खाजनकाठ:
पावसानंतर म्हणत असाल तर मान्य.

सातेरी:
कुणीतरी नारळाच्या करवंट्यांत रोपं लावायला सांगेल, आधीच सांगते, भोक न पाडता करवंटी ठेवू नका. जूनमध्ये आमच्या वाड्यावर डेंग्यूच्या डासांच्या अळ्या अशाच करवंट्यांत सापडल्या होत्या. गोण्यांखालच्या थाळ्या पण पावसात काढून टाका.

रानवाट:
मिरची कुठली लावताय? खोला (काणकोणची गावठी मिरची) असेल तर तिला पाणी साचलेलं अजिबात चालत नाही. काणकोणात ती पावसात डोंगरउतारावर घेतात, पाणी निघून जातं म्हणून. तिला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं आहे.

गच्चीवाली:
खोलाच आहे, आईने काणकोणहून बी आणलं होतं. शनिवारी गोण्यांवर पाणी ओतून बघितलं, दोन झिरपतात, बाकी चकचकीत निघाल्या. चकचकीत गोण्यांना भोकं किती आणि कशाने पाडू? कात्रीने पाडलं की वीण उसवतेय.

निळीपणती:
कात्री नको. जाड खिळा मेणबत्तीवर तापवून टोचा, कडा वितळून बंद होते. चिमट्याने धरा आणि हे उघड्यावर करा, धूर नाकात जाऊ देऊ नका. बुडाला आठ-दहा भोकं, बाजूला खालच्या वितीत दोन ओळी. आत नॉन-वोवन पिशवी आहे तर माती गळणार नाही.

मांडवीकाठ:
खोलाचं बी उरलं असेल तर मलाही हवंय. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात खोला म्हणून भलतीच मिरची दिली गेली.

गच्चीवाली:
आहे थोडं. आधी माझी रोपं गोण्यांत जाऊ देत, मग व्यक्तिगत निरोप करते. चिरे किती उंचीचे घेऊ, पूर्ण की अर्धे?

कुळागर:
अर्धे पुरेत. आडवे ठेवा.