मॅक म्हणजे झेरॉक्स? मग ही रेशमी गाठ सोडवून दाखवा

कोनमापक
कालच्या धाग्यावर एका महाशयांनी ठोकून दिलंय की मिलानची मॅक (मोविमेंतो आर्ते कोंक्रेता, म्हणजे ‘काँक्रीट कला’ चळवळ) म्हणजे डच चित्रकार वान दूसबुर्ख आणि स्विस कलावंत माक्स बिल यांची झेरॉक्स, चार चौकोन रंगवले की झालं. उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा.

१९४८ साली सोल्दाती, मुनारी, दोर्फ्लेस आणि मोने हे कलावंत एकत्र आले आणि मॅक सुरू झाली. ‘काँक्रीट’ हा शब्द वान दूसबुर्ख यांचा, १९३०चा, हे मान्य. पण दोर्फ्लेस यांच्या चित्रांत अमीबासारखे लवचीक आकार आहेत, चौकोन शोधावा लागतो! आणि मुनारींची ‘नेगातिवो-पोझितिवो’ ही चित्रमालिका? तिथे पार्श्वभूमीच उरत नाही, प्रत्येक आकार पुढेही येतो आणि मागेही जातो. करून बघा. चौरसाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ न्या, म्हणजे शेजारच्या दोन्ही आकारांना तीच कड मिळते. एखादा आकार चहूबाजूंनी वेढला गेला की डोळा त्याला वस्तू समजतो आणि बाकीच्याला भिंत. एक आकार फार लहान राहिला तरी तोच पुढे येऊन बसतो.

तिरपी रेघ
ते महाशय मीच. पुढे-मागेचा खेळ मानसशास्त्रज्ञ रुबिनच्या फुलदाणीत (कधी फुलदाणी दिसते, कधी समोरासमोरचे दोन चेहरे) १९१५ लाच आहे. आणि एकात चौकोन, दुसऱ्यात अमीबा, याला वैविध्य म्हणायचं की शिस्तीचा अभाव? बिल यांच्या चित्रात पुढची रेघ कुठे जाणार याला हिशेब असतो.

शब्दपिसाट
दोघांनाही विनंती, आधी भाषा सांभाळा. कालच्या धाग्यात सरसकट ‘अमूर्त’ लिहिलंय. या लोकांचं म्हणणं नेमकं उलट होतं: निसर्गातून काही गाळून घेतलेलंच नाही, रेघ आणि रंग हीच वस्तू. पण ‘मूर्त कला’ म्हणावं तर वाचकाला गणपती दिसतो. ‘काँक्रीट’ म्हणावं तर स्लॅब.

कोनमापक
रुबिनकडे फुलदाणी आणि चेहरे आहेत, म्हणजे ओळखीच्या वस्तू. मुनारींकडे ओळखायला काही नाही, तरी डोळा ठरत नाही. हे जास्त अवघड. शिवाय मुनारींची ‘निरुपयोगी यंत्रं’, म्हणजे दोऱ्याने टांगलेल्या, हवेत फिरणाऱ्या रचना, विसरलात.

तिरपी रेघ
ती १९३३ची! १९४८च्या चळवळीच्या खात्यात कशी टाकता? आणि ती अमेरिकन शिल्पकार काल्डरची मोबाइलंच, म्हणजे हवेत डुलणारी टांगती शिल्पं, फक्त पुठ्ठ्यातली.

दोरागाठ
राहवलं नाही. काल्डर तार आणि पत्रा वापरतो, त्याची रचना झाडाच्या फांदीसारखी वाढते. मुनारींच्या यंत्रात पातळ पुठ्ठा, हलक्या काठ्या, रेशमी दोरा, आणि तुकड्यांची मापं एकमेकांतून काढलेली. म्हणून तोल साधेना तर पुठ्ठा कातरायचा नाही, गाठ सरकवायची. बांधणी खालून वर. ३० सेंमी काठीला एका टोकाला ४ ग्रॅम, दुसऱ्याला २ ग्रॅम असेल तर गाठ जड टोकापासून १० सेंमीवर. काठीचं स्वतःचं वजन धरलं की जरा मध्याकडे. डिंकाचा थेंब तोल साधल्यावरच.

तिरपी रेघ
रेशीम हा निव्वळ नखरा. मासेमारीचा नायलॉन दिसतही नाही.

दोरागाठ
दिसत नाही, पण रिळाचा पीळ लक्षात ठेवतो! त्यावर टांगलेला पुठ्ठा वाऱ्याने थोडा वळतो आणि स्प्रिंगसारखा जागेवर परततो. रेशमाचा पीळ सहज जिरतो, म्हणून तुकडा फिरत राहतो आणि मागचा वेगळा रंग दिसतो. तो फिरलाच नाही तर पुठ्ठा टांगून ठेवायचा कशाला?

शब्दपिसाट
धागा मॅकचा होता की रिळाचा?

दोरागाठ
आणि एकाच बाजूने रंगवू नका. रंग वाळताना पुठ्ठा त्या बाजूला ओढला जातो, वाटीसारखा होतो, केलेला तोल बोंबलतो.

कोनमापक
१९३३चा मुद्दा मान्य, यंत्रं मॅकच्या खात्यातून काढतो. पण १९५५ला फ्रान्सच्या ग्रूप एस्पास या कलावंत-वास्तुरचनाकारांच्या गटाशी हातमिळवणी करून मंडळी चित्रातून इमारतीपर्यंत जायला निघाली होती. झेरॉक्सला हे सुचतं?

तिरपी रेघ
आणि १९५८ला सगळं आटोपलं. बरं, ‘झेरॉक्स’ मागे घेतो, ‘उशिरा आलेले’ लिहितो. नायलॉन मात्र वापरणार.

दोरागाठ
खुशाल वापरा. फक्त दोन्ही बाजूंना एकच रंग द्या, म्हणजे फिरत नाहीये हे कुणाला कळणार नाही.