बायपासनंतर आईला बाबांपेक्षा जास्त वेळ का लागतो आहे?

नाशिककर:
चार वर्षांपूर्वी बाबांची बायपास झाली, तेव्हा सहाव्या आठवड्यात ते गोदाकाठी फिरायला जाऊ लागले होते. आईच्या शस्त्रक्रियेला (वय ६६, मधुमेह) सात आठवडे झाले, तरी कुशीवर वळताना तिच्या छातीत कळ येते, बायपाससाठी शीर काढलेला पाय संध्याकाळी सुजतो आणि दुपारी ती एकटीच रडत बसते. तपासण्या ठीक आहेत. “ह्यांना तर एवढा त्रास झाला नव्हता,” असे म्हणून ती स्वतःलाच दोष देते, ते पाहवत नाही. स्त्रियांना खरोखरच अधिक वेळ लागतो का?

फिजिओथेरपिस्ट, पुणे:
बऱ्याचदा लागतो, आणि त्यात आईंचा काहीही दोष नाही. स्त्रियांच्या हृदयाच्या धमन्या सरासरीने बारीक असतात आणि शस्त्रक्रियेपर्यंत वय, मधुमेह, रक्तक्षय यांची भर पडलेली असते. अमेरिकेतील २०११ ते २०२० मधील सुमारे १३ लाख बायपास रुग्णांच्या नोंदींत शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण पुरुषांत १.७, तर स्त्रियांत २.८ टक्के होते. आई तो कठीण टप्पा पार करून आल्या आहेत. छातीच्या दुखण्याचे एक कारण संकोचामुळे कोणी बोलत नाही: स्तनांच्या भाराने जखम दोन्ही बाजूंना ओढली जाते. पुढून उघडणारी, तार नसलेली, नीट आधार देणारी सुती ब्रेसियर घातल्यास पुष्कळ आराम पडतो. खोकताना छातीशी उशी घट्ट धरावी, बसताना पाय उंचावर ठेवावा. छातीच्या हाडात ‘कट्-कट्’ असा आवाज जाणवला, जखमेतून स्राव आला, ताप आला किंवा पोटरी एकाएकी दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रडण्याबद्दलही त्यांना सांगा. शस्त्रक्रियेनंतरच्या नैराश्यावर उपचार आहेत.

कोल्हापूरची गृहिणी:
माझ्या डिस्चार्जच्या कागदावर “जड वजन उचलू नये” एवढेच लिहिले होते. कणीक मळणे, धुणे पिळणे, भरलेला कुकर उतरवणे ही कामे मला कधी वजन उचलण्यासारखी वाटलीच नाहीत. पाचव्या आठवड्यात चार माणसांची कणीक मळली आणि त्या रात्री मला आडवेही होता आले नाही. आपल्या बाबांना तेव्हा ताट हातात मिळत असेल. आईंना कोण वाढते?

नाशिककर:
ताई, कणीक तीच मळते आहे आणि ती हिंडूफिरू लागली म्हणून आम्ही समाधान मानत होतो. आजपासून पोळ्यांचे बाबा आणि मी पाहू. बाबांना कार्डियाक रिहॅबला (शस्त्रक्रियेनंतर देखरेखीखाली व्यायाम करून घेणाऱ्या कार्यक्रमाला) पाठवले होते, आईला मात्र कोणी सुचवले नाही आणि आम्हीही विचारले नाही. सोमवारच्या तपासणीत विचारतो.