रिकाम्या जागांचे फोटो रंगमंचावर कसे मांडावेत?

खिडकीपाशी:
नमस्कार मंडळी. नवऱ्याचा छापखाना बुडाला आणि घरातल्या वस्तू एकेक करून विकाव्या लागल्या. वस्तू घराबाहेर पडली की तिच्या जागेचा फोटो काढायचा, असा मला नादच लागला. फ्रिजच्या पायांचे फरशीवरचे गंजके डाग. कपाटामागे लपलेला भिंतीचा मूळ रंग (बाकीची भिंत किती मळली होती ते तेव्हा कळलं!). शिलाई मशिनखाली वर्षानुवर्षं साठलेल्या टाचण्या, बटणं. माणूस एकाच फोटोत आहे: पलंग गेला त्या रात्री मुलगा बरोबर पलंगाच्याच जागेवर, जमिनीवर झोपलाय.

आता एका छोट्या नाट्यगटाने अर्ध्या तासाचा प्रयोग करा म्हणून सांगितलंय. पडद्यावर फोटो, बाजूला मी. दोन मैत्रिणींसमोर करून पाहिलं. दोघी रडल्या, मला जवळ घेतलं, आणि मला भयंकर राग आला. कीव नको आहे मला. मग काय हवंय, ते मात्र नीट सांगता येत नाही. कुणी असं काही केलंय का?

मागचा_पडदा:
ताई, मी प्रकाशयोजना करतो. असे बरेच प्रयोग अंधारात बसून पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राग आला ते बरंच झालं. मैत्रिणी रडल्या, कारण तुम्ही बहुधा फोटोत जे दिसतंय तेच तोंडानेही सांगत होता. 'हे बघा, इथे फ्रिज होता.' अहो, ते दिसतंय! फोटो दाखवा, गप्प राहा, लोकांना स्वतःहून शोधू द्या. आणि बोलायचं ते फोटोत नसलेलं. फ्रिज घ्यायला कोण आलं, त्याने दार उघडून आत वास घेतला का, घासाघीस किती चालली, जिन्यात कुठे अडकला.

वेगाचाही विचार करा. नॅन गोल्डिन या अमेरिकन छायाचित्रकार बाईने १९७०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या क्लबांमधून स्वतःच्या आणि मित्रमंडळींच्या आयुष्याच्या स्लाइड दाखवायला सुरुवात केली. पुढे तो खेळ जवळजवळ सातशे स्लाइडचा झाला, संगीतासह सुमारे पाऊण तासाचा. म्हणजे एका चित्राला चार सेकंदही नाहीत. प्रियकराने मारल्यानंतरचा, सुजलेल्या डोळ्यांचा तिचा १९८४चा फोटोही त्यातच आहे. तोही येतो आणि पुढे सरकतो, हळहळायला वेळच मिळत नाही. शिवाय ती खेळागणिक क्रम बदलत राहिली. तुमचे फोटो थोडे आहेत, त्यामुळे तो वेग तुम्हाला जमणार नाही. पण सगळ्यांना सारखा वेळ देऊ नका. टाचण्या बराच वेळ राहू द्या, पलंग झटकन जाऊ द्या.

सोफी काल (Sophie Calle) ही फ्रेंच कलाकार तुमच्या जास्त जवळची वाटते. १९८५च्या जानेवारीत दिल्लीच्या एका हॉटेलात तिला प्रियकराने फोनवर नातं संपवल्याचं सांगितलं. त्या खोलीतल्या लाल फोनचा फोटो तिने ठेवला आणि भेटेल त्याला तीच हकिकत सांगत सुटली. बदल्यात समोरच्याने स्वतःचं सर्वांत मोठं दुःख सांगायचं. सांगून सांगून तिची हकिकत आखूड होत गेली, शेवटी तिलाच तिचा कंटाळा आला. २००५मध्ये फोर्स्ड एंटरटेनमेंट या इंग्लंडमधल्या नाट्यसंस्थेने ते रंगमंचावर आणलं: दोन माणसं टेबलांशी बसून वाचतात, बस्स. अभिनय असा जवळपास नाहीच. तुम्हीही वाचूनच करा, पाठ करू नका. हातात कागद असला की बाईला सावरायला कुणी धावत नाही.

तांत्रिक: प्रोजेक्टरचा काळा म्हणजे काळा नव्हे, करडा उजेड पडतोच. पूर्ण अंधार हवा असेल तर भिंगापुढे पुठ्ठा धरणारा माणूस लागेल. उभे फोटो आडव्या पडद्यावर चिंचोळे दिसतात, ते आधी तपासा. तुमच्यावरचा दिवा बाजूने आणि अरुंद घ्या, नाहीतर पडद्यावरचं चित्र फिकं पडेल.

निगेटिव्ह:
मुलाला विचारलंत का? तेव्हा तो झोपेत होता, आता जागा आहे. त्याच्या वर्गातलं कुणी प्रेक्षकांत असू शकतं. एकदा हो म्हणाला म्हणून कायमचं हो धरू नका, दर प्रयोगाआधी विचारा. नवऱ्यालाही विचारा. छापखाना त्यांचा होता.

उंबरा:
वरचं सगळं पटलं, एक भर घालते. आजारपणावरचा असाच एक प्रयोग मी करत असे. खरं काम पडदा पडल्यावर सुरू व्हायचं. लोक थांबतात, आपापली दुःखं सांगतात, हात सोडत नाहीत. सोफी कालने ते मागून घेतलं होतं, तुम्ही मागितलेलं नसेल. सोबतीला कुणीतरी ठेवा, 'चला, गाडी आलीय' म्हणणारं. आणि जे वाक्य आलं की गळा दाटतो ते बोलूच नका. पांढऱ्या अक्षरांत पडद्यावर टाका, लोक वाचतील.

खिडकीपाशी:
सर्वांचे आभार. काल पुन्हा करून पाहिलं, वाचून.

कपाट घ्यायला आलेल्या गृहस्थांनी आधी किल्ली मागितली. किल्ली कपाटात, कपाट बंद. दोन शेजारी, एक पेचकस, सगळ्यांची वेगवेगळी मतं. उघडलं तर आत छापखान्यात छापलेल्या आमच्याच लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा. गृहस्थ म्हणाले, 'कागद पण देणार का?' हे वाचलं आणि त्याच मैत्रिणी खो खो हसल्या. नंतर भिंतीचा फोटो लावला, तर बराच वेळ कुणी बोललं नाही. जवळ घ्यायलाही कुणी उठलं नाही. बहुतेक हेच हवं होतं.

नवरा म्हणतो, छापखान्याचं नाव घेऊ नकोस, बाकी सांग. मुलाने पलंगाच्या फोटोला साफ नकार दिलाय. तो काढला. त्या जागी काय येईल ते अजून सुचलेलं नाही, म्हणून तूर्त तिथे पुठ्ठा. पुठ्ठा तोच धरणार आहे, पण दर प्रयोगाचे पैसे घेईन म्हणतो.