साल, टरफल, काठ, कडा: कोणता शब्द कुठे?

प्रश्न:
नमस्कार. परभाषक प्रौढांना मराठी शिकवताना मला एक अडचण वारंवार येते. केळ्याची साल, शेंगेचे टरफल, नारळाची करवंटी आणि कांद्याचा पापुद्रा ही सगळी वरची आवरणेच असताना प्रत्येकाला निराळा शब्द का, असे विद्यार्थी विचारतात आणि ‘सवयीने कळेल’ यापलीकडे माझ्यापाशी उत्तर नसते. कडांचेही तेच: नदीला काठ, डोंगराला कडा, शेताला बांध. यामागे शिकवता येईल असे काही सूत्र आहे का?

प्रतिसाद (मालवण):
आवरण कसे निघते, हे आधी पाहावे. साल सोलतात, कारण ती बहुधा मऊ आणि गराला चिकटलेली असते. टरफल वाळलेले व ठिसूळ असल्यामुळे फोडावे लागते. टिळकांच्या त्या सर्वश्रुत गोष्टीत वर्गात शेंगांची टरफलेच पडलेली असतात, साली नव्हेत. भाताचे तूस कांडल्यावर सुटते आणि पाखडताना उडते. मग तांदूळ सडला, म्हणजे पुन्हा कांडला, की कोंडा निघतो. साय धरते, खपलीही धरते, भिंतीचे मात्र पोपडे निघतात. नारळाला तर थरागणिक शब्द आहे: बाहेर सोडण, ते कुजवून व झोडपून काढलेला काथ्या आणि आत करवंटी. आमच्याकडे कोकमाचे फळ फोडून त्याच्या साली मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवतात. तीच सोलं, सोलकढीतली. म्हणून विद्यार्थ्यांना नामाबरोबर क्रियापदही पाठ करायला लावावे, असे मी सुचवेन.

प्रतिसाद (यवतमाळ):
कडांच्या बाबतीत, त्या जागी माणूस काय करतो हे विचारावे. काठावर बसता येते, मग तो नदीचा असो वा तळ्याचा. कड्यावरून कोसळण्याची भीती असते, म्हणून शिक्षेचे नाव कडेलोट. बांधाला आम्ही धुरा म्हणतो, आणि धुऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालतात, हा भाग वेगळा. साडीला मात्र काठ आणि किनार दोन्ही चालतात. आमच्या विदर्भातल्या करवतकाठी साडीच्या काठावर करवतीसारखे दाते विणलेले असतात. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव असते. लोहार ती आगीत तापवून, म्हणजे प्रसरण पावल्यावर, चाकावर चढवतो आणि लगेच पाणी ओततो, त्यामुळे ती आकसून लाकूड घट्ट आवळते. हा शब्द आता फारसा कानावर येत नाही.

प्रतिसाद (पुणे):
दोन्ही सूत्रे उपयुक्त आहेत, पण ती ताणू नयेत. अंड्याला टरफलही म्हणतात आणि कवचही. कासवाला मात्र कवचच, कारण तिथे काढून टाकण्यापेक्षा रक्षणाचा अर्थ प्रबळ आहे. झाडाची साल तर मऊही नसते. शिवाय काही कडांची पुढे प्रदेशनामे झाली: भीमेच्या काठचा मुलूख तो भीमथडी आणि गोदावरीला गंगा म्हणण्याच्या प्रथेमुळे तिच्या काठची ती गंगाथडी. तिथे ‘थडी’ऐवजी ‘काठ’ घालून चालत नाही, आणि क्रियापदही मदतीला येत नाही. असे शब्द जोडीनेच शिकवावे लागतील.